ऑनर्स कॉलेजचा प्रवासी कोर्स: अभ्यास की महागडी सहल? (अनुभव हवेत)

बटमोगरा | १२ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

लेक अमेरिकेत मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, तिथल्या ऑनर्स कॉलेजात (म्हणजे निवडक मुलांसाठीचा विभाग). विषय कॉम्प्युटर सायन्स. ऑनर्सवाल्यांना नेहमीच्या कोर्सेसशिवाय काही सेमिनार आणि शेवटी थीसिस असतो, हे ठाऊक होतं. परवा फोनवर तिने नवीनच काढलं. स्प्रिंगमध्ये (जानेवारीपासूनच्या सत्रात) एक ऑनर्स सेमिनार आहे, दर मंगळवारी वर्ग, आणि परीक्षा आटोपल्या की मे महिन्यात १२ दिवस सगळ्या वर्गाला घेऊन प्राध्यापक आइसलंडला जाणार. १६ मुलं, २ प्राध्यापक: एक भूगर्भशास्त्राचे, एक इंग्रजीच्या. क्रेडिट ३.

फी ४,२०० डॉलर. विमानाचं तिकीट आपलं आपण. म्हणजे साडेपाच हजारांच्या घरात जातंय. ५०० डॉलर डिपॉझिट पुढच्या शुक्रवारपर्यंत, आणि ते परत मिळत नाही.

आमच्याकडे दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, "एवढ्यात आपण चौघं भारतात जाऊन येतो. आणि कॉम्प्युटरवालीला दगड बघून करायचंय काय?" मला जावंसं वाटतं, पण का ते नीट सांगता येत नाही. मी कॉलेजात असताना आमची सहल वेरूळला गेली होती. कैलास लेण्यापेक्षा परतीच्या एसटीतल्या भेंड्याच जास्त आठवतात.

ज्यांच्या मुलांनी असे कोर्स केलेत त्यांनी खरंखुरं लिहा.

पळसपान | १२ नोव्हेंबर

वाचतेय. आमचं पुढच्या वर्षी कॉलेज सुरू होतंय, त्यामुळे पुढची पंगत आमची.

शंकेखोर | १२ नोव्हेंबर

स्पष्ट लिहितो, राग नसावा. सहलच असते हो ती.

आमचे चिरंजीव असाच कोर्स घेऊन दहा दिवस इटलीला गेले होते. रोज सकाळी बस, मग म्युझियमची रांग, मग गाइडच्या छत्रीमागे कळप, मग 'मोकळा वेळ', म्हणजे आइस्क्रीम. विमानात परत येताना तीन पानी 'रिफ्लेक्शन पेपर' लिहिला. मी तो वाचला. "या प्रवासाने माझा दृष्टिकोन व्यापक झाला" हे वाक्य त्यात दोनदा होतं. ए मिळाली. कॉलेजचं नाव घेत नाही, पण साडेचार हजार डॉलर गेले ते गेलेच.

धुळाक्षर | १३ नोव्हेंबर

शंकेखोर, तुमच्या चिरंजीवांचा कोर्स वाईटच होता, यात वाद नाही. असे कोर्स मी पाहिलेत. मी स्वतः गेली बरीच वर्षं एका छोट्या कॉलेजात शिकवतो आणि चारदा मुलांना घेऊन बाहेर पडलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अमेरिकेतल्या ऑनर्सचं मूळ बरंच जुनं आहे. १९२२ साली स्वार्थमोर कॉलेजात फ्रँक एडेलॉट यांनी ऑक्सफर्डच्या धर्तीवर हा प्रकार सुरू केला: मूठभर मुलं, कमी व्याख्यानं, जास्त वाचन आणि चर्चा. पुढे सरकारी विद्यापीठांनीही तो उचलला. १९६६ मध्ये नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स काउन्सिल ही या कार्यक्रमांची संघटना झाली. याच संघटनेच्या कामातून, लाँग आयलंड युनिव्हर्सिटीच्या बर्निस ब्रेड यांनी 'सिटी अ‍ॅज टेक्स्ट' नावाची पद्धत बसवली. शहराला पुस्तकासारखं वाचायचं. ऐकायला जडजंबाल वाटतं, करायला एकदम साधं आहे.

तीन-चार जणांचा गट करून मुलांना एका वस्तीत सोडून द्यायचं. गाइड नाही, छत्री नाही. नकाशा काढा, बघा, लोकांशी बोला, ऐका. बसथांब्यावर कोण उभं आहे? दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत? एका रस्त्याच्या पलीकडे झाडं अचानक का संपतात? संध्याकाळी सगळे गट एकत्र बसतात आणि एकाच वस्तीबद्दल चार गट चार तऱ्हेचं सांगतात. खरा वर्ग तो. "हे तुला दिसलं, मला कसं नाही दिसलं?" यावरून भांडण जुंपलं की मी खुर्ची मागे घेऊन गप्प बसतो.

बटमोगरा, लेकीकडून सिलॅबस मागवा आणि त्यात तीन गोष्टी बघा. जाण्याआधी किती वाचायला लावलंय. तिथे रोज संध्याकाळी बसून बोलायला वेळ ठेवलाय का, की दिवसाला चार ठिकाणं कोंबलीत. आणि शेवटचं काम परत आल्यावर किती दिवसांनी द्यायचंय. विमानतळावर उतरल्या दिवशी मागत असतील तर शंकेखोर बरोबर. महिनाभराने मागत असतील तर माझं ऐका.

विषय कॉम्प्युटर आहे याची काळजी नको. ऑनर्स सेमिनार मुद्दामच खिचडी असतात. भूगर्भशास्त्र आणि इंग्रजी एकत्र आलंय म्हणजे कुणीतरी डोकं लावलंय.

शंकेखोर | १३ नोव्हेंबर

धुळाक्षर सर, पद्धत पटली. मग ती इथल्या इथे, डेट्रॉइटला बस करून का नाही करायची? पाच हजार कशाला?

धुळाक्षर | १३ नोव्हेंबर

करतात की! सगळ्यात चांगला कोर्स मी घेतला तो कॉलेजपासून चाळीस मैलांवरच्या एका बंद पडलेल्या गिरणीगावात. अडचण एवढीच की जाहिरातीत गिरणीगावाचा फोटो चांगला येत नाही, आणि मुलं आइसलंडला नोंदणी करतात.

हिशेबनीस | १४ नोव्हेंबर

धुळाक्षर सरांनी तत्त्वज्ञान सांगितलं, मी पैशाचं सांगतो.

१. क्रेडिट कुठल्या टर्ममध्ये पडतात ते आधी विचारा. कोर्स स्प्रिंगला जोडलेला असेल आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याची ट्यूशन (कॉलेजची फी) ठोक असेल, तर ती ३ क्रेडिट त्यातच बसतात. मे टर्मला लावली तर ट्यूशन वेगळी मोजून घेतात. आमच्या थोरलीच्या वेळी हे न विचारल्याने जवळजवळ हजाराचा फटका बसला होता.

२. ऑनर्स कॉलेजाकडे प्रवासाला बऱ्याचदा वेगळा निधी असतो. दोन पानी अर्ज करावा लागतो, म्हणून निम्मी मुलं करतच नाहीत.

३. पेल ग्रँट (गरजू मुलांना मिळणारी सरकारी मदत) मिळत असेल आणि मूल अमेरिकन नागरिक असेल तर परदेशी शिकायला जाण्यासाठीची गिलमन शिष्यवृत्ती बघा, ५,००० डॉलरपर्यंत मिळू शकते. पण प्रवास किती दिवसांचा हवा याची अट असते, ती वाचून मगच स्वप्नं रंगवा.

४. ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) ट्यूशन भरता येते. विमानाचं तिकीट त्यात बसत नाही. "कोर्सचाच भाग आहे ना" म्हणून टाकाल आणि करात अडकाल.

बाकी चालू द्या.

काठावरची | १५ नोव्हेंबर

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

माझा मुलगा वयाच्या पाचव्या वर्षी इथे आला. आता वीस वर्षांचा आहे, ऑनर्समध्ये आहे, आणि अजून एच-४ वर, म्हणजे पालकाच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डाची रांग कशी असते ते इथे कुणाला समजावून सांगायला नको. त्याचं आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) व्यवस्थित आहे, पण पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपलाय. देशात राहायला त्याने काही अडत नाही. बाहेर पडला की मात्र परत येण्याआधी अमेरिकन वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन नवा शिक्का मारून आणायचा. बारा दिवसांच्या कोर्सात हे कुठे बसवणार? शिवाय भारतीय पासपोर्ट, म्हणजे शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) वेगळी फाइल.

गेल्या वर्षी त्याच्या ऑनर्सच्या वर्गातली बारा मुलं पोर्तुगालला गेली. त्याने मला सांगितलं, "आई, मला त्या तारखांना इंटर्नशिप होती." नव्हती. मला नंतर कळलं.

कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन यायचं असेल तर संपलेल्या शिक्क्यावर परत येता येतं, म्हणजे ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन. पण त्याच दौऱ्यात तिथे नव्या व्हिसाला अर्ज केला तर ती सवलत जाते. आणि कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढावा लागतोच. आम्ही ते सगळं वाचून, वकिलाला विचारून, शेवटी धीर केला नाही.

लिहायचं कारण वेगळंच होतं. याच ऑनर्स काउन्सिलचा 'पार्टनर्स इन द पार्क्स' म्हणून कार्यक्रम आहे. वेगवेगळ्या कॉलेजांची ऑनर्सची मुलं एकत्र करून साधारण आठवडाभर एखाद्या नॅशनल पार्कात नेतात, बरोबर प्राध्यापक आणि पार्कचे रेंजर. तंबूत राहायचं, आळीपाळीने स्वयंपाक करायचा. आमचा युटाला गेला होता. खर्च आइसलंडच्या पाव सुद्धा नव्हता आणि पासपोर्ट घरात कपाटात राहिला. परत आला तेव्हा उन्हाने नाक सोललं होतं आणि पहिल्यांदा मला म्हणाला, "मी डाळ-भात केला, सगळ्यांनी दोनदा घेतला."

बटमोगरा ताई, तुमची लेक नागरिक असेल तर बिनधास्त पाठवा. जाता येतंय, हेच खूप आहे.

बटमोगरा | १५ नोव्हेंबर

काठावरची, काय लिहू कळत नाहीये. लेक इथेच जन्मलेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. 'इंटर्नशिप होती' वाचून पोटात तुटलं.

पळसपान | १५ नोव्हेंबर

+१. एक विचारते, ग्रीन कार्ड असेल तर?

हिशेबनीस | १५ नोव्हेंबर

पासपोर्ट भारतीय असेल तर ग्रीन कार्ड असूनही शेंगेन व्हिसा लागतो, आणि आइसलंड शेंगेनमध्येच येतं. अर्ज सहा महिन्यांच्या आधी घेत नाहीत आणि मेच्या प्रवासाला अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना कॅनडाला मात्र व्हिसा लागत नाही.

कातळवेडा | १६ नोव्हेंबर

कॉम्प्युटरवालीला दगड बघून काय करायचंय? बटमोगरा ताई, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि पुढचं वाचायला द्या. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

आइसलंड म्हणजे बेसॉल्ट. आपला महाराष्ट्र म्हणजे बेसॉल्ट. फरक एवढाच की आपला लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला आणि त्यांचा अजून वाहतोय. सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या कड्यांमध्ये एकावर एक थिजलेले लाव्ह्याचे थर आपण बघतो. ते थर घातले कसे जात असतील, हे बघायचं तर आइसलंडसारखी शाळा नाही.

आम्ही पुण्यात जिऑलॉजी केलं तेव्हा फील्ड टूर सक्तीची होती. स्लीपर क्लास, धर्मशाळा, हातोडी, होकायंत्र आणि फील्ड डायरी. लोणारला सरांनी आम्हाला काठावर उभं केलं आणि अर्धा तास कुणी बोलायचं नाही, नुसतं चित्र काढायचं म्हणाले. १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, बेसॉल्टमध्ये उल्केने पाडलेला. चित्र काढताना लक्षात आलं की काठाजवळचे थर बाहेरच्या बाजूला कललेत. वर्गात चार वेळा ऐकलं होतं, डोक्यात एकदाही शिरलं नव्हतं. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे असेच. सर म्हणाले, "हात घालून तळाला काय लागतं ते सांगा." गोटे लागले. पाण्याबरोबर गरगर फिरून दगडाला दगडच खणतो, हे त्या हाताला कळलं.

आता आइसलंडला तिला काय दिसेल ते सांगतो. थिंगवेल्लिर: उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट एकमेकांपासून वर्षाला साधारण २ सेंटीमीटरने सरकतायत, त्या फटीतून चालता येतं. शिवाय तिथेच इ.स. ९३० मध्ये त्यांची लोकसभा भरायला लागली, म्हणजे इतिहासही तिथेच. स्वार्तिफॉसचा धबधबा षट्कोनी खांबांवरून पडतो. तसे खांब बघायला मुंबईकरांनी अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघावा, वर गावदेवीचं देऊळ आहे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखा तडकतो, त्याचे हे खांब.

आणि कॉम्प्युटरवालीसाठी खास: हेल्लिशेइडीच्या भू-औष्णिक केंद्राजवळ कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसॉल्टमध्ये सोडतात. दगडातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याची क्रिया होऊन त्याचाच दगड बनतो. सुरुवातीच्या प्रयोगात ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत असा थिजला. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये असं करता येईल का, हा प्रश्न अभ्यासकांनी घेतलेलाच आहे.

रच्याकने (बाय द वे), रेनिसफ्यारा नावाच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नकोस म्हणावं. तिथल्या लाटा अचानक आत येतात, माणसं गेलेली आहेत.

शंकेखोर | १६ नोव्हेंबर

कातळवेडा, हे वाचून मलाच जावंसं वाटायला लागलं. पण माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात: स्लीपर क्लास आणि धर्मशाळा!

गोदाकाठ | १७ नोव्हेंबर

थोडं अवांतर. मी नाशिक जिल्ह्यात पदवी कॉलेजला शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आमच्याकडे आता 'ऑनर्स' म्हणजे चौथं वर्ष. अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे क्रेडिट आले आहेत, कागदावर उत्तम आहे. प्रत्यक्षात साठ मुलांचा वर्ग, मी एकटी, आणि प्रवासाला पैसे नाहीत. मुली असतील तर घरून "मुक्कामी नाही पाठवणार". मग गंगापूर धरणावर सकाळी जायचं, संध्याकाळी परत, आणि अहवाल मागच्या बॅचचा उतरवायचा.

गेल्या वर्षी धुळाक्षर सरांनी लिहिलंय तसलंच काहीसं करून बघितलं, नाव माहीत नसताना. चार-चार मुलांना गावच्या आठवडी बाजारात सोडलं आणि सांगितलं, भाजी कुठल्या गावाहून येते आणि कोण आणतं ते विचारून नकाशा काढा. एका मुलीच्या नकाशात तिची स्वतःची आई निघाली. बाजारात ती आईला तशी कधी भेटलीच नव्हती, आईने तिला पहिल्यांदा हिशेब सांगितला. खर्च: शून्य. चहा मी पाजला.

धुळाक्षर | १७ नोव्हेंबर

गोदाकाठ, तुमच्या परवानगीने हा बाजार मी माझ्या पुढच्या वर्गात सांगणार आहे.

बटमोगरा | १९ नोव्हेंबर

सिलॅबस आला. जाण्याआधी १४ आठवडे वाचन, त्यात एक आइसलँडिक सागा (तिथली जुनी कथा) सुद्धा. रोज रात्री जेवणानंतर तासभर बैठक. शेवटचा प्रकल्प जूनच्या २०ला. क्रेडिट स्प्रिंगमध्येच आहेत (हिशेबनीस, तुमचे उपकार). ऑनर्सच्या निधीला तिने अर्ज केलाय. नवऱ्याने कातळवेडांची पोस्ट दोनदा वाचली आणि काही न बोलता कार्ड काढून दिलं.

डिपॉझिट भरलं!

बटमोगरा | २३ जून

धागा वर काढतेय, सांगायचं राहिलं होतं. निधीतून ९०० डॉलर मिळाले. लेक जाऊन आली, प्रकल्पही दिला.

सगळं गुलाबी नव्हतं. पहिले चार दिवस पाऊस, एका मुलाचा पाय मुरगळला, आणि ब्रेड-चीज खाऊन कंटाळल्यावर तिने माझ्या मेथीच्या ठेपल्यांचा शेवटचा डबा सोळा जणांत वाटला. मे अखेरीला तिथे रात्री पूर्ण अंधार होतच नाही, त्यामुळे झोपेचं खोबरं.

एक दिवस 'वाचायला' सार्वजनिक पोहण्याचा तलाव दिला होता. गरम पाण्याच्या कुंडात बसायचं आणि गावातले लोक काय बोलतात ते ऐकायचं. उतरण्याआधी सगळ्यांसमोर कपडे काढून साबणाने अंघोळ करावी लागते म्हणे, तसा तिथला नियमच आहे. इथे मी विषय बदलला.

सोल्हेइमायोकुल नावाच्या हिमनदीपाशी जवळच्या शाळेतली मुलं २०१० पासून दर वर्षी जाऊन ती किती मागे सरली ते मोजतात. त्यांच्या नोंदी बघून ही म्हणाली, "आई, आमचं सेन्सरचं सगळं काम फुकट आहे असं वाटलं. त्यांच्याकडे टेप होती."

आता मला जे सांगायचं होतं ते. तिची फील्ड वही मी परवा बघितली. पेनाने लिहिलेली पहिली तीन पानं पावसात धुऊन गेलीत, पुढचं सगळं पेन्सिलीने. एका पानावर दगडाचं चित्र आहे, भोकाभोकांचा, शेजारी मापाला स्वतःचा अंगठा. उचलायला मनाई म्हणून चित्र. खाली इंग्रजीत टिपण, आणि मध्येच देवनागरीत, वेड्यावाकड्या अक्षरात एक शब्द: जातं.

माझ्या आईकडे, साताऱ्याजवळ, पडवीत जातं आहे. लहानपणी ही त्याच्या भोकांत तांदूळ भरत बसायची. वायूचे बुडबुडे लाव्ह्यात अडकून राहिले की अशी भोकं पडतात, आणि म्हणून तो दगड धान्याला धरतो, गुळगुळीत होत नाही, असं तिच्या प्राध्यापकांनी सांगितलं. हिने आजीला व्हिडिओ कॉल लावला, थेट त्या लाव्ह्याच्या मैदानातून. आजीने शांतपणे सांगितलं, "जात्याचं कसलं कौतुक, पाट्याला टाकी लावायला बाई यायची ती बघायला हवी होतीस." मग अर्धा तास टाकी, म्हणजे झिजलेला दगड टोचून पुन्हा खरबरीत करणं. छिन्नी कशी धरायची, घाव तिरपे का घालायचे, बाई पैसे घ्यायची की ज्वारी. प्राध्यापिका बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या, मराठीचा एक शब्द कळत नसताना.

प्रकल्प त्यावरच झाला. दोन बेसॉल्टची तुलना, एक आइसलंडचा आणि एक आजीच्या पडवीतला. आजीच्या मुलाखतीचं भाषांतर मी करून दिलं, 'टाकी'ला इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणून तसाच ठेवला.

कातळवेडा | २३ जून

ताई, जात्याच्या भोकांत पांढरं काही चमकतंय का, आजींना बघायला सांगा. पुणे-नाशिक-जळगावकडच्या खाणींतून बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक निघतात, जगभरच्या म्युझियममध्ये आपलेच असतात. जात्याला असा भरलेला दगड शक्यतो घेत नसावेत, पण बघायला काय हरकत आहे. फोटो टाका.

काठावरची | २४ जून

वाचून फार बरं वाटलं. आमचा एकविसाचा व्हायला आला, म्हणजे एच-४ संपणार, म्हणून आता एफ-१ ची (विद्यार्थी व्हिसाची) कागदपत्रं चालू आहेत. परवा तो म्हणाला, शिक्का मारून घ्यायला भारतात जावंच लागणार आहे तर दोन आठवडे जास्त राहून लोणार बघून येतो. कातळवेडा, काय काय न्यावं लागेल?

कातळवेडा | २४ जून

पेन्सिल. बाकीचं विपूत (खाजगी निरोपात) कळवतो.

शंकेखोर | २४ जून

आणि ठेपले. चिरंजीवही येतो म्हणतोय, स्लीपर क्लासने.